मोकळे अक्षर
(ई-पुस्तके वाचू लागणाऱ्यांसाठीच्या एका हस्तपुस्तिकेची प्रस्तावना)

मावशीचे वाचन सुटले तेव्हा ती ७४ वर्षांची होती. गावातल्या वाचनालयाची ती जुनी सभासद. आठवड्याला दोन पुस्तके आणि दिवाळीत अंकांची वेगळी वर्गणी हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मग डोळ्यांच्या मधोमध धुरकट ठिपका आला. डॉक्टरांनी वयाचा आजार म्हणून सांगितले, चष्मा तीनदा बदलून झाला, आणि एके दिवशी तिने पुस्तकांची कापडी पिशवी घडी घालून कपाटात ठेवून दिली. “अक्षर लागत नाही गं आता,” एवढेच म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते ऐकणे जास्तच जड गेले.

तिच्या फोनवर कोणीतरी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची पीडीएफ पाठवली होती. तरुणपणी दोनदा वाचलेले, आवडते पुस्तक. तिने ते उघडले, दोन बोटांनी पान मोठे केले. अक्षर मोठे झाले खरे, पण ओळीचे उजवे टोक पडद्याबाहेर गेले. पान सरकवून ते टोक गाठावे तर परत येताना पुढची ओळ हरवायची. दहा मिनिटांत तिने फोन उपडा ठेवला. मी गेले तेव्हा तिचा निर्णय झालेला होता : हे असले वाचन आपल्यासाठी नाही.

मी त्याच फोनवर त्याच पुस्तकाची ई-पब फाइल एका साध्या वाचन-ॲपमध्ये उघडून दिली आणि अक्षराचा आकार वाढवत नेला. एका पडद्यावर जेमतेम वीस-बावीस शब्द उरले, पण प्रत्येक ओळ आपल्या जागी होती. मावशी थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग अंगठ्याने पान उलटले, आणखी एक उलटले. “अगं, ओळ आपली आपण खाली उतरतेय!” दीड महिन्यात तिने ते पुस्तक संपवले आणि दुसरे मागितले.

फोन तोच होता, डोळेही तेच. बदलली होती ती फाइल. पुढची सगळी हस्तपुस्तिका या एका फरकाभोवती लिहिलेली आहे. म्हणून यंत्रांची नावे आणि बटणांच्या जागा सांगण्याआधी तो फरक नीट उलगडून सांगायला हवा. ई-पुस्तक म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पीडीएफ येते, ती वाचताना त्रास होतो, आणि दोष पडद्याला किंवा स्वतःच्या वयाला लावला जातो.

पीडीएफ हे छपाईच्या जगातले अपत्य आहे. १९९३ मध्ये अडोबी कंपनीने ते आणले ते पान कुठल्याही संगणकावर आणि कुठल्याही छपाईयंत्रावर जसेच्या तसे दिसावे म्हणून. ते काम ते उत्तम करते. प्रमाणपत्र, नकाशा, तिकीट, वीजबिल यांना पीडीएफच हवी. पण पान पक्के असले की पडदाही त्या पानाएवढाच लागतो. डेमी आकाराचे पुस्तक तळहाताएवढ्या पडद्यावर मावत नाही, मावले तर दिसत नाही. दिवाळी अंकांचे हाल तर विचारू नका. दोन स्तंभांचे पान फोनवर वाचायचे म्हणजे एका स्तंभातून खाली उतरा, पुन्हा वर चढा, मग दुसऱ्या स्तंभातून खाली उतरा. आपल्याकडे डिजिटल दिवाळी अंक म्हणून जे फिरते त्यातले पुष्कळसे असेच असते, आणि वाचक चार पाने चाळून सोडून देतात याचे मला नवल वाटत नाही.

ई-पबचा विचारच वेगळा आहे. शिवलेला सदरा आणि ताग्यातले कापड यांत जो फरक, तोच इथे. सदरा एका मापाचा असतो, कापड ज्याच्या अंगाला हवे तसे बेतता येते. ई-पब फाइलच्या आत पाने नसतातच. प्रकरणांचा मजकूर, चित्रे आणि ‘हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे’ असे सांगणाऱ्या खुणा एका गाठोड्यात बांधलेल्या असतात. संकेतस्थळे ज्या पद्धतीने लिहितात तीच ही पद्धत. ओळी कुठे मोडायच्या आणि पान कुठे संपवायचे हे वाचण्याच्या क्षणी, तुमचा पडदा आणि तुम्ही निवडलेले अक्षर पाहून ठरते. हे स्वरूप २००७ मध्ये प्रमाण म्हणून पुढे आले. आज त्याची देखरेख वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम करते, म्हणजे ते कुणा एका दुकानाच्या मालकीचे नाही. अख्खी कादंबरी बहुधा एक-दोन एमबीत बसते. त्याच कादंबरीच्या स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ पन्नास एमबीच्या पुढेही सहज जाते.

स्कॅन केलेली पीडीएफ हा आणखी खालचा थर. तिच्यात अक्षरे नसतातच, अक्षरांचे फोटो असतात. शब्द शोधता येत नाही, ओळ खूण करून उतरवून घेता येत नाही, आणि यंत्राकडून मोठ्याने वाचून घेता येत नाही. हे शेवटचे डोळस वाचकाला किरकोळ वाटेल. ज्याला दिसतच नाही त्याच्यासाठी मात्र पुस्तक आहे की नाही हे त्यावरच ठरते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, तिला मराठी वाचता येते. पण तिला वाचायला अक्षर लागते, फोटो नव्हे. दृष्टिबाधितांसाठी पुस्तके सुलभ रूपात आणणे कायद्याने सोपे व्हावे म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला. त्याला २०१४ मध्ये सर्वांत आधी अनुसमर्थन दिले ते भारताने. पुढे २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय उभे राहिले. तुमच्या घरात किंवा शेजारी छापील वाचता न येणारे कोणी असेल, तर ही हस्तपुस्तिका पुढे वाचण्याआधी त्यांना तिथले सभासद करून द्या.

आता मराठीपुरते बोलू, कारण इंग्रजी वाचकाला न येणाऱ्या काही अडचणी आपल्याला येतात.

जगात पुस्तके संगणकावर येऊ लागली ती फार पूर्वी. १९७१ च्या ४ जुलैला इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून संगणकजाळ्यावर ठेवला आणि त्यातून ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ उभा राहिला. इंग्रजीची अक्षरे मोजकी, त्यांचे संगणकी क्रमांक आधीच ठरलेले. तेव्हा टंकलेले आजही जसेच्या तसे वाचता येते. मराठीचे तसे झाले नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, पण आपली पुस्तके त्यानंतरही कितीतरी वर्षे श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या आपापल्या फॉन्टमध्ये जुळवली जात होती. या मंडळींनी मराठी अक्षरजुळणीवर मोठे उपकार केले आहेत. शिशाच्या खिळ्यांतून मराठी संगणकावर आली ती त्यांच्यामुळे. मात्र त्या फॉन्टमध्ये ‘क’चा क्रमांक ‘क’चा नसे. आत कुठलीतरी रोमन अक्षरे किंवा चिन्हे असत आणि त्यांना वरून देवनागरीचे रूप दिलेले असे. कागदावर छापताना याने काही बिघडत नाही. तीच फाइल फोनवर नेली की फॉन्टचा मुखवटा गळून पडतो आणि निरर्थक चिन्हांची रास समोर येते.

म्हणून १९९५ किंवा २००५ सालचे मराठी पुस्तक ‘संगणकावर आहेच’ असे प्रकाशक म्हणतो, तेव्हा ते ई-पुस्तक होण्यापासून बरेच दूर असते. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. त्या रूपांतरात जोडाक्षरे, रफार, पहिली वेलांटी हमखास घसरतात. मग कोणीतरी मूळ पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागते. हे मुद्रितशोधन झाले नाही तर काय होते ते मी पाहिले आहे. विकत घेतलेल्या एका कादंबरीत ‘र्‍हस्व’ आणि ‘ऱ्हास’ या शब्दांच्या जागी दोन प्रकरणे नुसते ठिपक्यांचे वर्तुळ येत होते. पैसे गेल्याचे दुःख नव्हते, लेखकाचे वाईट वाटले.

ई-पुस्तक विकत घेण्याआधी नमुन्याची पाने मिळतात. ती कथेसाठी नव्हे, अक्षरासाठी वाचा. दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा असा शब्द शोधा. त्यातला अर्धा र आडव्या रेघेसारखा नीट बसला आहे का ते पाहा. वाङ्मय, उद्ध्वस्त, क्लृप्ती हे शब्द मोडले नसतील तर बाकीचे बहुधा ठीक असते. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी आणि काही ठिकाणी आजही ते ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिले जाते. दिसायला दोन्ही सारखे, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात, त्यामुळे एका रीतीने शोधले की दुसऱ्या रीतीने लिहिलेले सापडत नाही. आणखी एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हे हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे आहेत. शासनाने वर्णमालेबाबत काढलेल्या निर्णयांतही हीच वळणे मराठीची म्हणून दिलेली आहेत. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांचा क्रमांक एकच आहे. वळण फॉन्ट ठरवतो, आणि ‘हा मजकूर मराठी आहे’ अशी खूण फाइलमध्ये असेल तर चांगला फॉन्ट आपोआप मराठी वळण दाखवतो. प्रकाशकाने करायचे ते हे एका ओळीचे काम. ते न केल्यामुळे कितीतरी मराठी पुस्तके हिंदी वळणात वाचावी लागतात. लहान मुले त्याच वळणाने लिहू लागली तर त्यांना बोल कसा लावणार?

कविता हा आणखी एक नाजूक विषय. गद्याची ओळ कुठेही मोडली तरी चालते, कवितेची चालत नाही. ओवीचा चरण मोठ्या अक्षरात एका ओळीत मावला नाही की उरलेला शब्द खाली एकटा पडतो आणि नवा चरण सुरू झाल्यासारखा दिसतो. चांगल्या ई-पुस्तकात असा उरलेला शब्द थोडा आत सरकवलेला असतो, म्हणजे डोळ्याला कळते की हा वरचाच आहे. तशी काळजी घेतली नसेल तर अभंगाची गाथा किंवा मर्ढेकर फोनवर वाचू नका. कागद घ्या, किंवा फोन आडवा धरा. चित्रांचेही असेच. दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ करड्या छटांच्या पडद्यावर पाहणे म्हणजे ते न पाहणेच.

यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न मला सर्वांत आधी विचारला जातो आणि मी त्याचे उत्तर सर्वांत शेवटी देते. सुरुवातीला काहीही घेऊ नका. हातात जो फोन आहे त्यावर एक पुस्तक पूर्ण वाचा. अँड्रॉइडवर गूगल प्ले बुक्स आणि रीडएरा यांत स्वतःजवळची ई-पब फाइल उघडता येते, आयफोनवर ॲपल बुक्स असतेच. अक्षर एवढे मोठे करा की ओळीत सहा-सात शब्द मावतील. पाने सरकवत नेण्याऐवजी उलटण्याची पद्धत निवडा. सरकत्या मजकुरात आपण कुठे होतो हे डोळा विसरतो, उलटत्या पानात विसरत नाही. आणि वाचनापुरते फोनचे सगळे आवाज व सूचना बंद ठेवा. माझ्याकडे शिकायला आलेल्यांपैकी जे लवकर कंटाळले, त्यांना अक्षरांनी कंटाळा आणला नव्हता. दर दोन मिनिटांनी वरून उतरणाऱ्या निरोपांनी तो आणला होता.

पहिले पुस्तक निवडताना एक चूक टाळा. ‘आता सुरुवात करतोय तर काहीतरी मोठे करू’ म्हणून विश्वकोशाचा खंड किंवा हजार पानांची कादंबरी उघडू नका. ओळखीचे पुस्तक घ्या. आधी वाचलेले असेल तर फारच चांगले, कारण तेव्हा मनाला फक्त नवी रीत शिकायची असते. मावशीने ‘स्मृतिचित्रे’पासून सुरुवात केली ती याच कारणाने जमली, असे मला वाटते.

एक पुस्तक संपले, दुसरे संपले आणि डोळे शिणू लागले, तर ई-शाईच्या यंत्राचा विचार करावा. ई-शाईचे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मले आणि १९९७ मध्ये त्यासाठी कंपनी निघाली. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत पांढरे आणि काळे कण तरंगतात. विजेच्या इशाऱ्याने एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे खाली जातात. एकदा कण जागेवर बसले की ते तसेच राहतात, वीज लागते ती पान बदलतानाच. म्हणून हे यंत्र एकदा भारित केल्यावर आठवडेच्या आठवडे चालते. फोनचा पडदा डोळ्यांत प्रकाश सोडतो, हा पडदा कागदासारखा बाहेरचा प्रकाश परतवतो. ओसरीवर भर उन्हात बसूनही अक्षर स्वच्छ दिसते. सोनीने २००४ मध्ये जपानमध्ये असे पहिले यंत्र विकायला आणले, ॲमेझॉनचे किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत आले. मराठी पुस्तकांना त्या दुकानाचे दार उघडायला मात्र डिसेंबर २०१६ उजाडला. तेव्हा हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्याबरोबर मराठी तिथे आली.

यंत्र घेण्याआधी एक गोष्ट तपासाच. तुम्हाला हवी असलेली मराठी पुस्तके कुठे विकली जातात? पुण्याच्या बुकगंगाकडे मराठी ई-पुस्तकांचा मोठा साठा आहे, पण ती पुस्तके त्यांच्या ॲपमध्ये वाचायची असतात. म्हणजे फोन किंवा टॅब हवा. किंडलवरची पुस्तके किंडलवर किंवा त्याच्या ॲपमध्ये. कोबो हे यंत्र ई-पब थेट उघडते. परदेशातल्या अनेक मराठी घरांत ते दिसते. किंडलकडे स्वतःची ई-पब फाइल पाठवण्याची सोय २०२२ पासून झाली आहे. आधी यंत्र घेऊन मग पुस्तके शोधणारे पुष्कळ भेटतात. त्यांची यंत्रे खणात पडून असतात.

पुस्तके कुठून आणायची, याची सविस्तर माहिती तिसऱ्या प्रकरणात आहे. इथे थोडक्यात एवढेच की मोफत आणि कायदेशीर मराठी वाचन वाटते त्यापेक्षा खूप जास्त आहे. वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचे २० खंड पडद्यावर वाचता येतात. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंडही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने उतरवून घेण्यासाठी खुली केली आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके मोफत आहेत, ई-साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तके मोफत पोचवते, आणि मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक जुन्या पुस्तकांच्या स्कॅनवरून अक्षर न् अक्षर टंकून आणि तपासून खरा मजकूर तयार करतात. या शेवटच्या कामाबद्दल मला विशेष आदर आहे. फोटोत अडकलेले अक्षर मोकळे करण्याचे काम ते करतात, आणि तेही निनावी राहून. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांचा डोंगर आहे, पण तो बहुतेक स्कॅनचा. तो टॅबवर किंवा संगणकावर पाहावा, फोनवर त्याच्या वाटेला जाऊ नये. जुना शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शब्द घालून शोधता येतात. इंग्रजी पुस्तकात शब्दावर बोट ठेवले की अर्थ उगवतो. मराठीत ती सोय अजून अपुरी आहे, तोवर ही वाट.

कायदेशीर हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे त्याच्या पुस्तकावर हक्क राहतो. हरि नारायण आपटे, गडकरी, साने गुरुजी, मर्ढेकर यांचे लेखन आता सर्वांचे आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०३० ला मुक्त होईल. वि. स. खांडेकरांचे २०३७ मध्ये, जी. ए. कुलकर्णींचे २०४८ मध्ये, पु. ल. देशपांड्यांचे २०६१ मध्ये. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि अनुवाद यांचे हक्क मात्र वेगळे मोजले जातात. तेव्हा ‘पुलंची सगळी पुस्तके, २०० एमबी’ असा निरोप आला की तो पुढे ढकलू नका. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात. तिच्यातल्या शंभर प्रती फुकटच्या पीडीएफने खाल्ल्या तर प्रकाशक पुढच्या पुस्तकाचे मुद्रितशोधन करणारा माणूस कमी करतो, आणि मोडकी जोडाक्षरे पुन्हा आपल्याच वाट्याला येतात. ‘मराठीत चांगली ई-पुस्तके नाहीत’ असे म्हणणारे आणि असे निरोप पुढे पाठवणारे अनेकदा एकच असतात. हे मला मनापासून खटकते, आणि ते इथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

विकत घेतलेले ई-पुस्तक तरी आपले असते का, हा प्रश्नही टाळू नये. बहुतेक दुकाने पुस्तक विकत नाहीत, वाचण्याचा परवाना देतात. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून ऑरवेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच काढून घेतली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकेही गेली, पैसे तेवढे परत मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून घेऊन तारेने यंत्रात घालण्याची सोय बंद झाली. यावर माझा उपाय जुन्या वळणाचा आहे. जे पुस्तक नातवंडांच्या हाती जावे असे वाटते ते कागदावर घ्या. जे वाचायचे आहे, प्रवासात न्यायचे आहे, मोठ्या अक्षरात हवे आहे, ते पडद्यावर घ्या. आणि ज्या फायली कुलपाशिवाय मिळतात, मुक्त साहित्याच्या किंवा कुलूप न लावणाऱ्या प्रकाशकांच्या, त्या स्वतःच्या संगणकावर नीट नावे देऊन ठेवा. त्यासाठी कॅलिबर नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. कोविद गोयल या भारतीय तरुणाने कॅलिफोर्नियात शिकत असताना २००६ मध्ये, स्वतःच्या सोनी वाचनयंत्रासाठी म्हणून ते लिहायला घेतले, आणि आज जगभरचे वाचक आपली कपाटे त्यात लावतात. पाचवे प्रकरण पूर्ण त्याच्यावर आहे.

ही हस्तपुस्तिका वाचनालयातल्या एका आठवडी वर्गातून वाढली. तिथे येणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे, थोडी कॉलेजातली मुले, आणि एक काका मुलाकडे परदेशी जाण्याआधी सामानाचे वजन वाचवायचे म्हणून आलेले. काहींचा पुस्तकाशी संबंध अंतरामुळे तुटलेला होता. तालुक्याला पुस्तकांचे दुकान नाही, वाचनालय आठवड्यातून तीन दिवस उघडे. त्यांना तंत्रज्ञानाचे कौतुक ऐकायचे नव्हते. त्यांना पुस्तक हवे होते. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मी काय शिकलात हे विचारलेले नाही, पुढे काय वाचाल एवढेच सुचवले आहे.

गावोगावच्या ग्रंथपालांना माझी विनंती आहे. एका टेबलावर एक टॅब ठेवा, त्यात मुक्त साहित्यातली पन्नास पुस्तके ई-पब रूपात भरा, आणि अक्षर लागत नाही म्हणून वर्गणी बंद केलेल्या सभासदांची नावे जुन्या नोंदवहीतून काढा. ती नावे प्रत्येक वाचनालयात आहेत. त्यांना बोलावून घ्या आणि अक्षर मोठे करून दाखवा. प्रकाशकांनाही सांगणे आहे : पीडीएफ देऊन ई-आवृत्ती काढली असे समजू नका. मजकूर युनिकोडमध्ये आणा, तो वाचून घ्या, भाषेची खूण मराठी ठेवा.

हे पुस्तक छापील आणि ई-पब अशा दोन्ही रूपांत निघत आहे. ई-पबमध्ये कुठे जोडाक्षर मोडलेले दिसले, ओळ चुकीच्या जागी तुटलेली दिसली किंवा एखादा शब्द यंत्राने चुकीचा वाचला, तर जरूर कळवा; दुरुस्त फाइल पुन्हा उतरवून घेता येईल. फक्त कळवताना पान क्रमांक लिहू नका. तुमच्या अक्षराच्या आकाराप्रमाणे तुमचे पान माझ्या पानापेक्षा वेगळे असणार. प्रकरणाचे नाव आणि त्या वाक्यातले पहिले चार शब्द लिहा, मला जागा सापडेल.